पेशंटमावशी

आमच्या नर्सिंग कॉलेजची पेशंटमावशी एका मिनिटात आजारी पडायची. आत्ता व्हरांड्यात पोचा मारत असायची, "ए बैताड, पाय पुसून ये ना वं!" म्हणून कुणावर तरी ओरडत असायची, तेवढ्यात मॅडमची हाक आली की हात पदराला पुसायची, खाटेवर चढायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. पुन्हा वळली की चेहरा दुसऱ्याच बाईचा असायचा. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, श्वास अर्ध्यावर अडकलेला. रोज तिच्या शिव्या खाणाऱ्या आम्ही पोरी, पण ती कण्हली की आमचा हात आपोआप तिच्या कपाळाकडे जायचा. तास संपला की उठायची आणि राहिलेला व्हरांडा पुसायला निघून जायची.

मी आता अकोल्याला एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. रोज पन्नास जणांना ‘काय होतंय’ म्हणून विचारते. पण आजवर मी घेतलेली सगळ्यात चांगली हिस्ट्री तिचीच. हिस्ट्री म्हणजे रोग्याला विचारून विचारून लिहून काढलेली त्याच्या दुखण्याची हकिगत. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत त्या हिस्ट्रीला मला वीसपैकी एकोणीस मार्क मिळाले. मॅडमनी ती वर्गात वाचून दाखवली. आणि तिच्यातल्या शेवटच्या पानाचा शब्द न शब्द खरा होता. ती बाई खरंच आजारी होती, मला सांगत होती, आणि मी ते वळणदार अक्षरात लिहून मार्क घेतले. आता पुढचं वाचून कुणी मला नावं ठेवली तर खुशाल ठेवा. मी स्वतःला रोज ठेवते.

मावशी कॉलेजात सफाईला होती, ठेकेदाराकडून. बडनेऱ्याला, रेल्वे जंक्शनजवळ राहायची, सकाळी सातच्या आत अमरावतीला हजर. गेटवरच्या चौकीदारापासून प्रिन्सिपलपर्यंत सगळ्यांना एकाच आवाजात ‘जय भीम’ घालायची. नवरा फार आधी गेलेला, एक मुलगी अकोल्याला दिलेली. तिचं खरं नाव आम्हाला तीन वर्षांत माहीत झालं नाही, आणि याची लाज वाटायला हवी होती हेही आम्हाला माहीत नव्हतं. तीही आमची नावं घेत नसे म्हणा. प्रत्येकीला तिच्या गावावरून हाक. "ए दर्यापूर, केस बांध." "अंजनगाव, तुह्या मायचा फोन आल्ता." मी तेल्हाऱ्याची, म्हणून मी तेल्हारा.

ती पेशंट झाली ते एका रबरी बाईमुळे. आमच्या लॅबमध्ये एक रबराची बाई होती. तिला सुई टोचा, नळी घाला, अंघोळ घाला, हूं नाही की चूं नाही. पण ‘रोग्याशी बोलणे’ हा धडा आला आणि रबरी बाई निकामी ठरली. मॅडमनी आम्हालाच एकमेकींच्या पेशंट केलं, तर नुसती खीखी. अंजनगावची पोट्टी पोटदुखी सांगता सांगता हसून खाटेवरून खाली पडली. मावशी दाराशी पोचा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, असं नाही दुखत बाईचं पोट. सरका वं पोट्ट्यांनो." बादली बाजूला ठेवली आणि झोपली. दहा मिनिटं वर्गात कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून ती आमची पेशंटमावशी.

मॅडम एका पांढऱ्या कार्डावर आजार लिहून आणायच्या. नाव कमलाबाई, वय पंचावन्न, डोकं दुखतं, चक्कर येते, बीपीची गोळी मधेच सोडली, असं काहीतरी. मावशी अडखळत वाचायची, म्हणून मॅडम एकदा वाचून दाखवायच्या. तेवढं तिला पुरे. पण तिची एक अट होती. इचारल्याशिवाय सांगनार नाही! गोळी सोडली हे कार्डावर लिहिलेलं असलं तरी पोरीनं नीट विचारलं नाही तर तिनं जन्मात सांगितलं नसतं. "खरा पेशंट सांगते काय?" ती म्हणायची. "खरा पेशंट तं म्हनते, मी बरी हाये."

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी हातात फॉर्म घेऊन खाटेजवळ उभी राहिले आणि हजेरी घेतल्यासारखी सुटले. ताप येतो का, उलट्या होतात का, भूक लागते का, घरी कुणाला शुगर आहे का. मावशीनं सगळ्याला ‘नाही’ म्हटलं. मग एक डोळा उघडून म्हणाली, "काव तेल्हारा, माह्यं राशनकार्ड बनवून राहिली काय?" सगळा वर्ग फुटला. मी रडवेली झाले. तास संपल्यावर तिनं मला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. "हे पाय, उभी राहून इचारशील तं पेशंटले वाटते, इले जायाची घाई हाये. बस. फॉर्म मांडीवर ठेव. पहिले त्याच्या गावचं इचार, पाऊसपान्याचं इचार, मंग पोटाचं."

तिचं एक वाक्य मी आजही नव्या पोरींना सांगते. "पेशंट पहिले जे सांगते ते बडनेरा असते बाई. त्याले जायाचं दुसरीकडंच असते. तिथं तो फक्त गाडी बदलून राहिला असते. तुमी तिथंच उतरून घेता." असं बोलायला कुठल्या शाळेत शिकली होती कोण जाणे. आणखी एक होतं. "बाईजवळ नवरा बसला असला तं काई इचारू नको. पहिले त्याच्या हाती चिठ्ठी दे, खाली दुकानात पाठव. तो गेला की बाई बोलते." पुस्तकात यालाच चार पानं घालवली आहेत आणि त्यातून एवढं कळत नाही.

मॅडमचाही एक नियम होता. खाटेवरचं खाटेवरच. मॅडम टाळी वाजवायच्या, मग खेळ संपला. त्यानंतर मावशी खाटेवर काय बोलली ते कुणी बाहेर काढायचं नाही. कारण सरळ होतं. पहिल्या गटाच्या पोरी दुसऱ्या गटाला उत्तरं फोडायच्या. शिवाय सुरुवातीला काही टवाळ पोरी मावशीला व्हरांड्यात ‘काय कमलाबाई, झाली का शौचाला?’ म्हणून चिडवायच्या. मॅडमनी एकदा सगळ्यांना उभं करून झापलं आणि नियम घातला. नियम चांगलाच होता, त्यात मॅडमची काही चूक नाही. आम्ही तो इतका पाळला की टाळी वाजली की आमचे कान बंद व्हायचे. खाटेवर ती ‘तुम्ही’ असायची, ‘बसू का जवळ’ म्हणून परवानगी विचारायची आम्ही तिला. खाली उतरली की ‘मावशी, तू तिकडचं पुसलं नाहीस’.

परीक्षेच्या दिवशी थंडी होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खुर्चीवर शाल पांघरून बसल्या होत्या, शेजारी आमच्या मॅडम. मावशी खाटेवर. कार्ड नेहमीचं, कमलाबाई आणि तिचं डोकं. मी खाली स्टुलावर बसले, फॉर्म मांडीवर ठेवला, गावचं विचारलं. डोकं झालं, चक्कर झाली, गोळी सोडली तेही निघालं. माझी दहा मिनिटं अजून बाकी होती. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी पुढे वाकून हळूच विचारलं, "बाई, आणखी काही होतं का तुम्हाला? कुणाला सांगितलं नाही असं?"

मावशीनं एकदा परीक्षक बाईंकडे बघितलं. मग तिनं माझं मनगट धरलं.

"पाळी जाऊन आठ वर्सं झाली मले," ती म्हणाली. "अन् दिवाळीपासून पुन्हा अंगावरून जाते. लाल. कधी कधी वास येते. मी दोन दोन लुगडी बदलतो. कोनाले सांगू? पोरगी जावयाच्या घरी. दवाखान्यात गेली तं ते आतून तपासते. अन् ठेकेदाराले समजलं की बाई बिमार हाये, तं तो उद्याच दुसरी बाई उभी करते."

यातला एक शब्द कार्डावर नव्हता. मला वाटलं, मावशीनं माझ्यासाठी मुद्दाम वाढवलं, मला मार्क मिळावेत म्हणून. मी मनात म्हटलं, वा मावशी, मानलं तुला! आणि लिहीत सुटले. किती दिवस, किती, रंग कसा, वास कसा, वजन उतरलं का, कंबर दुखते का. एकही प्रश्न सुटला नाही. तिनं एकेकाचं उत्तर दिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि माझ्याही येत होतं, आणि मला माझ्या पाण्याचाही अभिमान वाटत होता. शेवटी मी पुस्तकातलं वाक्य म्हटलं, "तुम्ही मला विश्वासानं सांगितलंत, आभारी आहे. आपण डॉक्टरांना दाखवू." मावशीनं विचारलं, "कधी?"

आणि मॅडमनी टाळी वाजवली.

परीक्षक बाई मॅडमना म्हणाल्या, "ही बाई कुठून मिळवलीत तुम्ही? नाटकात हवी ही." मॅडम खूश. मावशी खाटेवरच बसून राहिली होती. माझ्याकडे बघत होती. मी तिला डोळा मारला. होय, डोळा मारला! संध्याकाळी निकाल कळला तेव्हा मी पेढा घेऊन तिला शोधत गेले. ती जिन्यात बसली होती, पोचा बाजूला. मी म्हटलं, "मावशी, एकोणीस! तुझ्यामुळे." तिनं पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

"झालं ना तुह्यं?" ती म्हणाली. "बरं झालं बाई."

मी उड्या मारत होस्टेलवर गेले.

त्यानंतर सव्वा वर्षानं ती मला अकोल्याला भेटली. मी बायकांच्या वॉर्डात ड्यूटीवर होते. दुपारी स्ट्रेचरवरून एक बाई आली, सोबत जावई. आधी वास आला. तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. केसपेपरवर नाव होतं, शांताबाई. मी पेपर वाचत खाटेजवळ गेले आणि वर बघितलं तर मावशी. अर्धी झालेली. गालांची हाडं वर आलेली, एक पाय सुजून खांबासारखा. तिनं मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा वळली तेव्हा चेहरा तोच होता.

अमरावतीच्या दवाखान्यात ती गेली नव्हती. तिथल्या प्रत्येक वॉर्डात तिच्या हाताखालून गेलेली एक तरी पोरगी होती. ओळखीच्या पोरींसमोर ते सगळं उघडं पडायला नको, म्हणून ती मुलीकडे अकोल्याला आली होती. आणि इथे मी.

"काय होतंय मावशी?" मी विचारलं.

"काई नाई. पोट दुखते जरासं."

जावई शेजारी उभा होता. मी त्याच्या हातात चिठ्ठी दिली, खाली दुकानातून सलाईनचं सामान आणायला पाठवलं. तो दाराबाहेर गेला आणि मावशी हसली. त्या अवस्थेत हसली! "शिकली बाई तू," म्हणाली. मी स्टूल ओढलं, बसले, आणि विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, "दोन दिवाळ्या झाल्या." त्या शब्दाबरोबर माझ्या डोक्यात ती परीक्षेची खोली उभी राहिली, शाल पांघरलेल्या परीक्षक बाई, थंडी, माझ्या मनगटावरचा तिचा हात. दिवाळीपासून अंगावरून जाते. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"मावशी," मी म्हटलं, "ते खरं होतं?"

तिनं तेव्हासारखंच माझं मनगट धरलं.

पुढचे तीन महिने मी वेड्यासारखी पळाले. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, "नात्यातल्या का?" मी हो म्हटलं. तुकडा काढून तपासायला पाठवला, रिपोर्ट आला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, आजूबाजूला सगळीकडे गेलेला. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. ते सहज बोलून गेले, "वर्षभर आधी आल्या असत्या तर बरंच काही करता आलं असतं." त्यांना काय माहीत! मी ड्रेसिंगच्या खोलीत गेले, आतून कडी लावली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. अशानं काही होत नाही हे मला कळतं. तरी मारल्या.

नागपूरला कॅन्सरवरचे किरणांचे शेक घ्यायला पाठवलं. मी रजा टाकून सोबत गेले. मुलगी म्हणत होती, "हात लावला की आनखी पसरते म्हनतात, ताई, नका नेऊ," आणि मी तिच्याशी भांडत होते. मशीनमधून बाहेर आली की मावशी ओकायची, मला म्हणायची, "आता पुरे कर तेल्हारा." मी म्हणायची, उद्या एक, परवा एक. अर्धेही झाले नाहीत, रक्त इतकं उतरलं की शेक थांबवले. मी रक्त दिलं, माझ्या दोन मैत्रिणींना ओढून आणून त्यांचं दिलं. एका बाबांकडचा अंगाराही आणला. मी, विज्ञान शिकलेली! किडनीनं हात टेकले. आम्ही तिला परत अकोल्याला आणलं.

त्या दिवसांत मी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "अगं, ती हिस्ट्री मला इतकी आवडली होती की मी तिचं कार्ड बनवलं."

"म्हणजे?"

"पुढच्या बॅचला तीच केस दिली. रक्तस्रावाची. मावशीच करत होती. प्रत्येक प्रॅक्टिकलला. सगळ्या पोरींनी लिहिली आहे ती."

म्हणजे मावशीनं एकदा जीव तोडून सांगितलं, आणि आम्ही ते तिच्याच हातात कार्ड करून ठेवलं. त्यानंतर ती वर्षभर खाटेवर चढून स्वतःचा आजार हुकुमावरून सांगत राहिली. पोरी रडल्या, पोरींनी लिहिलं, मॅडमनी टाळी वाजवली. आता ती खाटेवरून किंचाळली असती तरी कोण काय समजणार होतं? कार्डावर लिहिलेलंच तर होतं सगळं.

रविवारी मॅडम अमरावतीहून आल्या, संत्री घेऊन. मावशी त्यांना बघून उशीवर सरकून जरा उंच झाली. म्हणाली, "मॅडम, कार्ड आनलं काय?" मॅडमनी संत्री खाली ठेवली आणि तिच्या सुजलेल्या पायावर डोकं टेकलं. मावशी म्हणाली, "उठा मॅडम, दुखते." ती काही देवमाणूस नव्हती, तिला आमचा राग होता आणि तो तिनं लपवला नाही. मॅडमनी कॉलेजात जाऊन ते कार्ड फाडलं. आता तिथे नवा नियम आहे. खेळ संपला की पेशंट झालेल्या बाईला कुणीतरी बाहेर घेऊन बसतं, चहा देतं आणि विचारतं, यातलं तुमचं स्वतःचं काही होतं का? फार चांगला नियम आहे. ऐकला की मला ओरडावंसं वाटतं.

शेवटच्या आठवड्यात तिला झोपेची आणि दुखण्याची औषधं चालू होती. दुपारी थोडी जागी असायची. गुरुवारी मी तिचं अंग पुसून दिलं, वेणी घातली. मुलगी घरी डबा आणायला गेली होती. माझ्या मनात जे तीन महिने साचलं होतं ते तोंडाबाहेर पडलं.

"मावशी, मी एकोणीस मार्क घेऊन तुझ्याजवळ आली होती ना जिन्यात. तेव्हा खाटेच्या खाली होतो आपण. तेव्हा काहून नाही सांगतलं मले? एकदा म्हटलं असतं, पोरी, ते माह्यं हाये म्हनून."

ती छताकडे बघत होती.

"सांगतलं ना वं तुले," ती म्हणाली. "माह्या तोंडात होतं तेवढं सारं सांगतलं. मी सांगून राहिली होती, तू लिवून राहिली होती. आनखी कसं सांगू?"

मी रडायला लागले. तिनं मला गप्प केलं नाही. बराच वेळ रडू दिलं आणि मग कंटाळून म्हणाली, "बस झालं. आता मले इचार."

"काय विचारू?"

"इचार ना. काय होते म्हनून."

मी नाक पुसलं. "काय होतंय मावशी?"

मला वाटलं कंबर म्हणेल, पाय म्हणेल. औषध वाढवायला मी उठायच्या तयारीतच होते.

"भेव लागते वं," ती म्हणाली. "लय भेव लागते."

तीन वर्षं कॉलेजात आणि तीन महिने वॉर्डात मी या बाईला शेकडो प्रश्न विचारले होते. हे उत्तर एकाही प्रश्नाला आलं नव्हतं. घाबरू नका, आम्ही आहोत ना, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं. रोज वीसदा म्हणते मी ते. म्हटलं नाही. मी म्हटलं, "मलेही लागते, मावशी."

तिनं मान माझ्याकडे वळवली.

"मंग बस जराशी," ती म्हणाली.

मी बसले. ड्यूटी संपली तरी बसले. मुलगी डबा घेऊन आली, तिघींनी एकमेकींचे हात धरले, मावशी कधीतरी झोपली. निघताना मी मुलीला सांगितलं, सकाळी आठला येते, जाग आली तर सांग तिला. शुक्रवारी मी आठला पाच मिनिटं कमी असताना वॉर्डात पोचले. ती पावणेआठला गेली होती. मुलगी म्हणाली, "दारातून कोनी आलं की इचारत होती ताई, तेल्हारा आली काय."